भोंगेवाल्याचं मौनव्रत

६ मे, सोमवार

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पण पुढेमागे कुणी विचारलंच की एबेर, हे तू कसं जमवलंस, तर निदान आपल्याला तरी आठवायला हवं.

सकाळी रोमिना आली. सिरोची नवी थेरपिस्ट. महिन्यातून एकदा मोन्तेविदेओहून बसनं येणार, बाकी सगळं फोनवर. सिरो नऊ वर्षांचा, आमचा एकुलता एक. त्याला ऑटिझम आहे. शब्द फार थोडे. 'पाणी', 'मामा', 'नको', 'बंद'. मामा म्हणजे आई. 'बंद' हा शब्द तो खास माझ्यासाठी राखून ठेवतो.

रोमिनाच्या थेरपीत थेरपिस्ट काही करत नाही, सगळं आईबापांनी करायचं. मुलाला शिकवत बसायचं नाही, त्याच्यासोबत राहायचं. घरातली साधी कामं मिळून करायची, सावकाश. प्रश्न विचारायचे नाहीत, हुकूम सोडायचे नाहीत, कमी बोलायचं आणि थांबायचं. म्हणजे मग मूल आपणहून आपल्याकडे बघतं. त्यातून नातं तयार होतं आणि बाकीचं त्याच्या मागून येतं, असं तिचं म्हणणं.

ऐकून बरं वाटलं. कम्युनिकेशन हेच तर माझं क्षेत्र. गाडीच्या टपावर दोन भोंगे लावून मी आमच्या दुरास्नो गावाच्या गल्ल्यागल्ल्यांतून टोमॅटोचे भाव सांगतो, हरवलेली कुत्री सांगतो, कोण वारलं आणि कुठे ठेवलंय ते सांगतो. माझा आवाज नदीपलीकडे जातो. तसं रोमिनाला सांगितलं. ती म्हणाली, हो, मी बसमधून उतरले तेव्हाच ऐकला. निबिया, म्हणजे बायको, खिडकीतून बाहेर बघत बसली होती. तिचे खांदे हलत होते. सर्दी असावी.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला एकच हवंय. सिरोनं एकदा आपणहून माझ्याकडे यावं. मी एका दारानं आत आलो की तो दुसऱ्या दारानं जातो. निबिया म्हणते तो तुला टाळतो. मी म्हणतो त्याला कामं असतात. पण एकदा यावं. आणि 'पापा' म्हणावं. माइकवर म्हणाला तर सोन्याहून पिवळं, पण ती पुढची पायरी.

७ मे, मंगळवार. सकाळी साडेसहा

संकल्प: आज दिवसभर सिरोसमोर मौन.

त्याच सकाळी, चहाच्या आधी

मोडला. पण दोष माझा नाही. आपण मौन पाळणार आहोत हे घरच्यांना सांगणं भागच होतं. ते सांगता सांगता विषय वाढला. डोन्या एल्बा, म्हणजे सासूबाई, आमच्याकडेच असतात. म्हणाल्या, एबेर, गप्प बसण्यावर एवढं बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच बघते. मी त्यांना मौनाचे फायदे समजावून सांगत होतो, तेवढ्यात सिरो पाव घेऊन अंगणात निघून गेला.

उद्यापासून नक्की.

११ मे, शनिवार

रोमिनाचा फोनवर नवा नियम. काही बोललास तर मग मनात दहापर्यंत मोज आणि सिरो काय करतो ते बघ.

दुपारी प्रयोग केला. म्हणालो, हं, गार वारा सुटलाय. प्रश्न नाही, हुकूम नाही, नुसतं निरीक्षण, अगदी नियमात. मग मोजायला लागलो. तीनला सिरोनं कानांवर हात ठेवले. पाचला निबिया स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, जाड्या, मनात. मनात म्हणजे तोंड मिटून. (जाड्या हे तिचं लाडाचं नाव. मी तेवढा जाड नाही.)

हे रोमिनानं नीट स्पष्ट करायला हवं होतं.

१६ मे, गुरुवार

कपडे वाळत घालण्याचं काम मिळून केलं. मी कपडा धरायचा, सिरोनं चिमटा द्यायचा आणि निबियानं रोमिनाला पाठवायला व्हिडिओ काढायचा. झकास चाललं होतं. सिरो रंग जुळवून चिमटे देत होता. पिवळ्या टॉवेलला पिवळा, माझ्या निळ्या शर्टाला निळा. मध्ये एकदा तर हिरवा चिमटा धरून माझ्याकडे बघत थांबला. पुढे काय येतंय ते बघत होता. व्हिडिओ बघणाऱ्याला समजावं म्हणून मी थोडी कॉमेंटरी दिली. आणि आता मैदानात उतरतोय हिरवा चिमटा, वगैरे.

सिरोनं टोपली खाली ठेवली आणि आत गेला. उरलेले कपडे मी एकट्यानं घातले. तेही व्हिडिओत आलंय. तसाच पाठवला. लपवायचं काय त्यात?

२० मे, सोमवार

रोमिनाचा अभिप्राय आला. आवाज फार सुंदर आहे म्हणाली. सिरो तेवढा नीट दिसला नाही, कारण समोर माझी पाठ होती. हाच व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघ, असंही म्हणाली.

बघितला. आवाजाशिवाय त्यात काही दम नाही. तिलाही हेच दाखवायचं असणार.

२५ मे, शनिवार

संध्याकाळी नेहमीसारखे सगळे माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पत्तीचा चहा, प्यायला बसलो. एकच तुंबा, एकच नळी, ज्याच्या हाती थर्मास त्यानं भरायचा आणि एकेकाला द्यायचा. शेजारचा विल्मार आला होता. सायकली दुरुस्त करतो, क्लबच्या कार्यक्रमांना साउंड सिस्टीम तोच सांभाळतो. विल्मार एकदा बसला की उठत नाही आणि बोलतही नाही, नुसता पितो. दुसरा थर्मास संपत आला तेव्हा कुठे तुंबा परत देताना 'धन्यवाद' म्हणाला आणि आम्ही सुटलो. मातेचा हा एक बरा नियम आहे. धन्यवाद म्हटलं की पुरे, यापुढे माझी पाळी नको. हा नियम नसता तर विल्मार अजून इथेच असता.

डोन्या एल्बांचं मनगट धरलंय. थर्मास उचलवत नाही. निबियानं हे रोमिनाला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, मग सिरोला ओतू दे ना. त्याला पाण्याची बारीक धार बघायला आवडते, आणि मातेला बोलावं कुठे लागतं? पाळीपाळीनं द्यायचं, घ्यायचं. डोन्या एल्बा म्हणाल्या, राष्ट्राध्यक्षाची खुर्ची मागा, सोडते, पण थर्मास मागू नका. मग अर्ध्या तासानं स्वतःच म्हणाल्या, पाणी कोमट ठेवा, पोराचा हात भाजेल.

२६ मे, रविवार

मोठा दिवस.

सिरोनं ओतलं. पत्ती एका बाजूला उताराला, नळीच्या बुडाशी बारीक धार, बाहेर एक थेंब नाही. ओतणाऱ्यानं पहिला स्वतः घ्यायचा असतो. तो त्यानं जिभेला लावून थुंकला. मग पुन्हा भरला आणि मला दिला. आईला नाही, आजीला नाही, मला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली आणि त्यानं हात मागे ओढला नाही. माझे डोळे भरून आले.

संधी वाया कशाला घालवायची? शब्द कानावर पडूनच मुलं शिकतात. रिकामा तुंबा परत करताना मी हसऱ्या चेहऱ्यानं खणखणीत म्हणालो, धन्यवाद, सिरो.

फेरी पुढे गेली. आजी, आई, विल्मार. दुसऱ्या फेरीला मला गाळलं. तिसऱ्यालाही. शेवटपर्यंत नाहीच. पहिल्यांदाच ओतत होता, दमला असेल. डोन्या एल्बा म्हणाल्या, माते आहे की पाय धुतल्याचं पाणी? पण एकही पाळी सोडली नाही त्यांनी.

२९ मे, बुधवार

तीन दिवस एकच प्रकार. पहिला तुंबा मला. त्यानंतर मी जणू भिंत. बाकीच्यांना मात्र भरभरून.

कारण उघड आहे. माझा 'धन्यवाद' त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. आज ध, न्य, वा, द असा तोडून म्हणालो. मयताची बातमी सांगताना लावतो तो स्वर लावला, सावकाश, आदरानं. विल्मारनं तोंड उघडलं. काहीतरी म्हणणार होता. मी बोटानंच गप्प केलं. सिरोसमोर उगाच बोलायचं नसतं हे या लोकांना किती वेळा सांगायचं?

३ जून, सोमवार

खुर्चीचा दोष असावा. आज सिरोच्या उजव्या हाताला बसलो. पहिला मला. धन्यवाद. पुढे काही नाही.

५ जून, बुधवार

डाव्या हाताला. तेच. रंगाचं त्याला असतं, म्हणून पिवळा स्वेटर घातला होता. पिवळा चिमटा आणून स्वेटरला लावला त्यानं. हे शुभचिन्ह आहे. माते मात्र नाही.

८ जून, शनिवार

मिशी काढली. बोलताना ओठ स्पष्ट दिसायला हवेत असं कुठेतरी वाचलं होतं. रोमिनानं सांगितलं नव्हतं, पण प्रत्येक गोष्ट ती कुठे सांगत बसणार?

निबिया दार उघडून म्हणाली, कोण पाहिजे? डोन्या एल्बा म्हणाल्या, मिशीखाली काय आहे हे आधी कळतं तर लग्नाच्या वेळी मी दोन शब्द बोलले असते. सिरोनं माझ्या वरच्या ओठावर एक बोट ठेवलं. इकडून तिकडे फिरवलं. हसला नाही, पण फिरवलं. मग माते ओतायला बसला. पहिला मला. मी उघड्या ओठांनी धन्यवाद म्हणालो. संपलं.

मिशी वाढायला वेळ लागेल.

१२ जून, बुधवार

विल्मारमध्ये असं काय आहे? खुर्चीत पोत्यासारखा बसतो. सिरोशी एक अक्षर बोलत नाही. तुंबा घेतो, ओढतो, नळीचा आवाज आला की परत देतो. आणि सिरो त्याला पुन्हा देतो, पुन्हा देतो. आज तर त्याची खुर्ची आपल्या बाजूला ओढून घेतली.

मी विल्मारला बाजूला घेऊन सांगितलं, थोडे दिवस येऊ नकोस, थेरपी चालू आहे. तो बरं म्हणाला. संध्याकाळी सिरो फाटकापाशी जाऊन उभा राहिला आणि विल्मारला हात धरून घेऊन आला. हात धरून. मी गाडी पुसायला निघून गेलो.

मत्सर वगैरे नाही. नोंद म्हणून लिहिलं.

१५ जून, शनिवार

असं तुकड्यातुकड्यानं चालणार नाही, मोठं पाऊल उचलायला हवं.

१३ जुलैला गल्लीतल्या क्लबचा वर्धापनदिन आहे. निवेदन दरवर्षी माझंच. दुसऱ्या दिवशी बापांचा दिवस. म्हणजे योग बघा. त्या दिवशी सिरो माइकवर एक शब्द म्हणेल. 'पापा'. चार आठवडे हातात आहेत. पुष्कळ झाले.

दुपारच्या फेरीत टोमॅटो आणि कोंबडीच्या मध्ये जाहीर करून टाकलं. क्लबच्या अंगणात, तेरा तारखेला, सिरो तेचेरा प्रथमच आपल्यासमोर. लोकांनी खिडक्यांतून हात केले.

निबियानं फेरीतच ऐकलं. संध्याकाळपासून माझ्याशी बोलत नाही. थेरपी तिनं माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलेली दिसते.

२२ जून, शनिवार

प्रॅक्टिस. गॅरेजमध्ये माइक उभा केला, मी एकदा 'पापा' म्हणालो आणि माइक सिरोकडे सरकवला. त्यानं बराच वेळ बघितलं. मग पायातला मोजा काढून माइकला घातला, वर दुसरा मोजा घातला आणि तारेच्या कडेकडेनं चालत जाऊन बटण बंद केलं.

आवाज मऊ हवा याची त्याला जाण आहे. घराण्याचा गुण.

४ जुलै, गुरुवार

माझा वेगळा थर्मास आणि वेगळा तुंबा विकत आणला. मला कुणाच्या उपकाराची गरज नाही. गाडीत बसून एकट्यानं प्यायलो. एकट्यानं माते पिणं म्हणजे आपणच आपल्याला पत्र लिहिणं. घशाखाली उतरेना.

खिडकीतून घरातले दिसत होते. सिरोनं पहिला तुंबा भरला आणि माझ्या रिकाम्या खुर्चीसमोर धरला. थोडा वेळ तसाच धरून राहिला. मग आजीला दिला.

सवयीनं केलं असेल.

९ जुलै, मंगळवार

रोमिना आली होती. वर्धापनदिनाचं कळल्यावर तिनं कपाळाला हात लावला नाही, पण हात तिथपर्यंत नेला. म्हणाली, एबेर, तो काय बोलतो याची तू वाट बघतोयस. तो काय करतो ते बघ ना जरा. मी म्हणालो, तेच तर सांगतोय, मला माते देत नाही. सगळ्यांना देतो, मलाच नाही. ती म्हणाली, अच्छा? मला बसवून दाखव एकदा. पण तिची बस सुटायची वेळ झाली होती. माझं सांगणं थोडं लांबलं होतं.

निबियाला कबूल केलंय की सिरोला माइक द्यायचा नाही. तो फक्त जेवायला येणार. (लोकांनीच आग्रह केला तर गोष्ट वेगळी.)

१३ जुलै, शनिवार

वर्धापनदिन पार पडला. हवा कोरडी. मांस थोडं करपलं होतं. लोक भरपूर.

सिरो कानांवर आवाज रोखायचे हेडफोन लावून निबियाबरोबर मागच्या टेबलावर. मी स्टेजवर. लोकांनी आग्रह केला. म्हणजे मी त्यांना आठवण करून दिली आणि मग त्यांनी केला. मी म्हणालो, ज्या क्षणाची आपण सगळे वाट बघत आहोत.

आणि सिरो उठला. हेडफोन कानावर दाबून, टेबलांमधून वाट काढत माझ्या दिशेनं यायला लागला. आपणहून. कुणी ढकललं नव्हतं. मी माइक पुढे केला.

तो माझ्यासमोरून गेला. स्टेजच्या कडेला विल्मार साउंडच्या टेबलामागे बसला होता, तिथे गेला. सगळी बटणं बघितली. माझं कुठलं ते त्याला बरोबर कळलं. ते तळापर्यंत खाली ओढलं आणि विल्मारच्या शेजारी बसला.

मी आणखी बराच वेळ बोलत होतो म्हणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या मला कधी पडल्या नव्हत्या. विल्मारनं बटण वर केलं नाही.

तांत्रिक बिघाडामुळे कार्यक्रम आटोपता घ्यावा लागला, असं सोमवारच्या फेरीत सांगेन.

घरी येताना निबिया महिन्याभरानं सलग बोलली. म्हणाली, तुझ्या टपावरची जाहिरात नाहीये तो, जाड्या. हे जाड्या लाडाचं नव्हतं.

१४ जुलै, रविवार. बापांचा दिवस

लिहायचं मन नाही. पण लिहितो.

दुपारी जेवण झाल्यावर माते. मला बसायचंच नव्हतं. निबियानं बसवलं. सिरोनं पहिला भरला, माझ्याकडे आला, दिला. कालचं त्याच्या मनात काही नव्हतं. मी प्यायलो. धन्यवाद म्हणालो, बारीक आवाजात. दुसरी फेरी सुरू झाली. आजी, आई, विल्मार. मी कोरडा.

मग माझा तोल गेला. म्हणालो, आज तरी. आजच्या दिवशी तरी. मी याचं काय बिघडवलंय? मिशी काढली, खुर्च्या बदलल्या, रोज गोड बोलतो, रोज धन्यवाद म्हणतो, आणि हा मला ओळख दाखवत नाही.

डोन्या एल्बांनी नळी तोंडातून काढली. म्हणाल्या, काय म्हणतोस रोज?

म्हटलं, धन्यवाद.

म्हणाल्या, पहिल्याच तुंब्याला?

म्हटलं, शब्द कानावर पडावा म्हणून.

त्या आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, मला वाटायचं कोमट माते तुला आवडत नाही, म्हणून एकावर थांबतोस. अरे बाबा, जन्म गेला तुझा माते पिण्यात. धन्यवाद म्हणजे काय? पुरे. तू रोज त्याला पुरे सांगतोस आणि तो पोरगा ऐकतो. या घरात तुझं बोलणं मनावर घेणारा तो एकटाच आहे.

निबियानं हात तोंडावर ठेवला. विल्मार म्हणाला, मी तेव्हाच सांगणार होतो. त्या दिवशी बोटानं मीच त्याला गप्प केलं होतं.

सिरो थर्मासचं झाकण फिरवत होता.

तेव्हापासून गॅरेजमध्ये बसलोय. रोज त्यानं पहिला मला दिला. काल नको म्हटलंय म्हणून आज दिला नाही, असं एकदाही झालं नाही. रोज नव्यानं विचारत होता. खुर्ची रिकामी होती त्या दिवशीसुद्धा. आणि मी दाणेदार आवाजात, हसून, एकेक अक्षर तोडून त्याला परत पाठवत होतो.

फार वाईट वाटतंय. इथे दुसरं काही लिहिता येत नाही.

१५ जुलै, सोमवार

कुठलाही संकल्प केला नाही.

संध्याकाळी बसलो. पहिला मला. प्यायलो. तुंबा परत दिला. काही बोललो नाही. सिरो माझ्या तोंडाकडे बघत थांबला. जिभेवर आलं होतं, दात आवळून धरले. तो थांबला, मी थांबलो. मग तो पुढे गेला. आजी, आई, विल्मार. आणि फिरून माझ्यापाशी आला.

दुसरा दिला.

मग तिसरा. मग मी मोजलं नाही, मनातही नाही. डोन्या एल्बा धन्यवाद म्हणून उठल्या. निबिया उठली. विल्मारसुद्धा उठला, आणि विल्मार कधी उठत नाही. आम्ही दोघंच राहिलो. सहाला खाटकाची जाहिरात फिरवायची होती, फोन वाजत होता, वाजू दिला. पत्ती पार धुऊन निघाली, पाणी गार झालं, पोट नगाऱ्यासारखं झालं. स्वयंपाकघरातून डोन्या एल्बा म्हणाल्या, एबेर, म्हण आता आणि ऊठ, फुटशील. मला म्हणवेना.

शेवटी माणूसच आहे. न बोलता उठलो आणि बाथरूमकडे पळालो. आत उभा राहून वाटलं, गेलं, उठलो म्हणजे संपलंच.

दार उघडलं तर सिरो बाहेर उभा. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात भरलेला तुंबा, माझ्यापुढे धरलेला. माझी पाळी होती आणि मी पुरे म्हटलं नव्हतं. 'पापा' वगैरे काही म्हणाला नाही. तिथेच बाथरूमच्या दारात उभ्यानं प्यायलो, चव कसलीच नव्हती. परत दिला, तर तो पुन्हा भरायला लागला.